पास वसूल: पाच जण, चार दिवस आणि एसटी

अर्धे_तिकीट (धागाकर्ती)

शेवटचा पेपर दोन वाजता संपला आणि सव्वादोनला टपरीवर ग्रुप तयार झाला. नाव ‘कोकण फिक्स’, सदस्य २१. रात्रीपर्यंत निम्मे जण ‘घरी विचारून सांगतो’वर आले. दुसऱ्या दिवशी उरलेल्यांच्या घरी धडाधड लग्नं निघाली. (मार्गशीर्षात लग्नं असतात हे मान्य. पण सगळी एकाच आठवड्यात?) पहाटे साडेपाचला कराड स्टँडवर प्रत्यक्षात उभे होतो पाच.

आम्ही सिव्हिल, थर्ड इयर. कॉलेज कराडच्या आसपास, यापुढे विचारू नका. होस्टेलवर कुणाला नावाने हाक मारायची पद्धत नाही, गावाने मारतात. त्यामुळे मंडळी अशी: बार्शी, जत, इचल (इचलकरंजी, पण एवढं कोण बोलणार), मी फलटण, आणि पाचवा ‘लोकल’. तो कराडचाच आणि घरून येऊन-जाऊन करतो. त्याला गाव असूनही गाव नाही.

आता शीर्षकाबद्दल. ‘वसूल’ हा आमच्या होस्टेलचा कुलधर्म आहे. रविवारी रात्री मेस बंद असते, म्हणून दुपारी फीस्ट. जतने सेकंड इयरला एका फीस्टमध्ये १९ गुलाबजाम खाल्ले आणि संध्याकाळी रूमवर उताणा पडून म्हणाला, “महिन्याचं बिल वसूल झालं.” त्याच माणसाला बार्शीने एसटीच्या ‘आवडेल तेथे प्रवास’ योजनेबद्दल सांगितलं. चार दिवसांचा पास, एकदा पैसे भरायचे, मग महाराष्ट्रात कुठेही, कितीही वेळा चढा-उतरा. कितीही वेळा! जतचे डोळे फीस्टच्या ताटाकडे बघताना होतात तसे झाले. तिघा मुलांनी पास काढले.

इचल आणि मी नाही काढले. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, आम्हाला पास कशाला? यावर बार्शीने आम्हाला अर्थशास्त्र शिकवलं. ते लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

घरचा प्रश्न: मेस बंद होणार असल्याने आउटपासवर सगळ्याच मुली ‘घरी’ लिहितात, आम्हीही लिहिलं. आईला मी सगळं सांगितलं. बाबांना आईने सांगितलं. तिच्या पद्धतीने.

पहिला दिवस भरभर सांगते. कराड, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण आणि दुसरी गाडी धरून गुहागर. घाटात लोकल एकदम गंभीर झाला. आम्ही रोज संध्याकाळी प्रीतिसंगमावर भेळ खात बसतो, ते कृष्णा-कोयनेचं पाणी पुढे बंगालच्या उपसागराला जातं. पण कोयनेचं बरंचसं पाणी प्रीतिसंगमावर येतच नाही. धरणाच्या मागून बोगद्यात घेऊन सह्याद्रीच्या पोटातून खाली पोफळीकडे सोडतात, वीज काढतात, मग ते वाशिष्ठीतून अरबी समुद्रात. “म्हणजे आपण आत्ता पाण्याच्या वाटेनेच चाललोय,” लोकल म्हणाला. दोन वर्षं हे आम्ही पाच मार्कांची टीप म्हणून लिहितोय. खिडकीतून दरी बघताना पहिल्यांदा समजलं की एवढ्या उंचीवरून ते पडतं. मग जतने ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप काढला, धरणाला कुठे तडे गेले, नंतर आधार कसे दिले. पुढच्या सीटवरच्या मावशी म्हणाल्या, “घाटात तरी भूकंपाचं बोलू नका रे.”

गुहागरात व्याडेश्वर, समुद्र, सूर्यास्त, फोटो. सगळ्यांचे असतात तसेच आहेत. खानावळीत तांदळाची भाकरी आली तेव्हा जतने ती उजेडात धरून बघितली. ज्वारीवर वाढलेला माणूस. सात खाल्ल्या आणि म्हणाला, “चव चांगली आहे, पण ही भाकरी पोटात थांबत नाही.”

खरी गंमत दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी एकादशी होती. बार्शीच्या घरी वारी आहे, तो एकादशी मोडत नाही, व्हायवाच्या दिवशीही नाही. हेदवीला आम्ही बामणघळ बघायला गेलो. खडकात अरुंद भेग आहे, लाट आत शिरली की पाणी कारंज्यासारखं वर उसळतं म्हणे. दुपारी दोनला आम्ही भेगेच्या कडेला ओळीने उभे. खाली ओला खडक, दोन खेकडे आणि कुणाची तरी एक चप्पल. अर्धा तास थांबलो. खेकडेसुद्धा कंटाळून गेले.

तिथून तवसाळ जेट्टीला जायचं, फेरीबोटीने जयगडला उतरायचं, असा बेत. पाचच्या सुमारास एक लाल गाडी आली. पाटीवर कुठल्याशा वाडीचं नाव. बार्शी म्हणाला, “तवसाळच्या पुढचंच असणार.” चढलो. आणि इथे पासाचा महिमा बघा: पासवाल्याला ‘कुठे जायचंय’ हे कुणी विचारतच नाही! तिघांनी पास दाखवले. आम्ही दोघींनी ऐटीत “शेवटचा स्टॉप, दोन महिला” म्हटलं.

शेवटच्या स्टॉपला समुद्र नव्हता. एक पिंपळ, एक देऊळ, उतरतं ऊन आणि कौलारू घरं. ड्रायव्हरने गाडी वळवून पिंपळाखाली लावली आणि इंजिन बंद केलं. ते ज्या पद्धतीने बंद केलं ना, त्यातच सगळं कळलं.

“काका, जेट्टी?”

“जेट्टीला ही जात नाय.”

“मग ही परत कधी जाते?”

“सकाळी सव्वासहाला. वस्तीची गाडी आहे ही.” मग थोडं थांबून, “विचारायला पैसे पडतात काय?”

मी असलं काही आयुष्यात पाहिलं नव्हतं. कंडक्टरकाकांनी पुढच्या सीटवर चिल्लर ओतली, दहा-दहाच्या चळती लावल्या, कागदात गुंडाळल्या, नोटा लावल्या, कागदावर आकडे मांडले. मग तिकिटाचं मशीन घेऊन देवळात गेले आणि समईशेजारच्या प्लगला चार्जिंगला लावलं. गणपतीच्या पायाशी लाल दिवा लुकलुकतोय. कुणालाच त्यात काही विशेष वाटत नव्हतं.

मुलांना देवळाचा सभामंडप मिळाला. आम्हा दोघींना काकांनी समोरच्या घरी नेलं. दारात आजी. “कुठच्या गो तुम्ही?” एवढं विचारलं, आणि उत्तर येण्याआधी न्हाणीतल्या बंबाखाली दोन ढलप्या सारल्या.

बार्शीची एकादशी कळल्यावर वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी झाली. बाकीच्यांना आटवल भात, मेतकूट, तूप. (आटवल म्हणजे मऊसूत गुरगुट्या भात, देशावरच्यांसाठी.) जेवताना आजींनी आमच्या परीक्षेची चौकशी केली. जतने सांगितलं, स्ट्रक्चरचा पेपर अवघड होता. आजी म्हणाल्या, “या घराची तुळई बघ. ऐंशी वर्षं झाली. बांधणारा शाळेत गेला नव्हता.” सिव्हिलची पाच मुलं माना वर करून तुळई बघत राहिली.

डोळे मिटतायत. उरलेलं उद्या.

---

निवळी_फाटा

अहो एकादशीला दुपारी दोन वाजता बामणघळ! कोकणातल्या चौथीतल्या पोराला विचारलं असतंत तरी सांगितलं असतं. सोपा हिशेब: तिथीची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची वेळ. एकादशी म्हणजे ११ ची पाऊणपट सव्वाआठ. सकाळी सव्वाआठ आणि रात्री साधारण तेव्हाच. त्यात सहा तास मिळवले की सुकती (पूर्ण ओहोटी), म्हणजे सव्वादोन. तुम्ही बरोब्बर तळाला पाणी गेलं असताना पोचलात. एवढा अचूक मुहूर्त ठरवून सुद्धा साधता येत नाही.

कुठल्याही किनाऱ्यावर जाताना कालनिर्णय बघून जा. मिनिटांचा फरक पडतो, पण चप्पल बघायची वेळ येणार नाही.

---

अर्धे_तिकीट

पाऊणपट!! आणि आम्ही तिघांच्या मोबाइलवर तीन वेगवेगळी अ‍ॅप उघडून रेंज शोधत होतो. उपास करणारा सोबत होता, तिथी माहीत होती, फक्त गुणाकार राहिला.

---

पेटी_आणि_पंच

वस्तीची गाडी वाचून थांबलो. माझे वडील कंडक्टर होते, सांगली जिल्ह्यात. महिन्यातले कितीतरी दिवस वस्तीला असायचे. तेव्हा मशीन नव्हतं. पत्र्याची पेटी, तिकिटांचा ट्रे, पंच आणि वे-बिल (तिकिटांच्या हिशेबाचा कागद). रात्री कंदिलाच्या उजेडात हिशेब जुळवायचा. रुपया कमी आला तर खिशातून घालायचा, जास्त आला तर अधिक काळजी, कारण तपासणीत तो कुठून आला याचं उत्तर द्यावं लागे.

वस्तीच्या गावाशी त्यांचं नातं वेगळंच असे. गावची पोरं गाडीच्या काचा पुसायची, बदल्यात सकाळी फाट्यापर्यंत फुकट फेरी. कुणाकडून भाजी, कुणाकडून ताक. कुणाचं लग्न ठरलं, कोण दवाखान्यात आहे, हे वडिलांना आमच्या गल्लीतल्यापेक्षा त्या गावातलं जास्त माहीत. आणि सकाळची गाडी कधी वेळेआधी सुटत नसे. रोजचा एखादा माणूस दिसला नाही तर ते खाली उतरून हाक मारायचे.

तुम्ही सकाळच्या गाडीचं लिहिणार आहात ना? डबे होते का?

---

रूम_नंबर_चौदा

छान लिहितेस. एक गोष्ट मात्र टोचली, तुझ्या लिखाणातली नाही, आमच्या नशिबातली. मी १९९६ ला होस्टेलवर आले. लेडीज होस्टेलचं गेट सातला बंद, साडेसातला हजेरी, मुलांच्या होस्टेलला गेट असं नव्हतंच. आमच्या वर्गातली मुलं दर सुट्टीत कुठे ना कुठे जायची. हरिश्चंद्रगड, दापोली, एकदा तर सायकलने गोवा. आम्हाला पहिल्या लेक्चरला त्याच्या गोष्टी ऐकायला मिळायच्या. चार वर्षांत मी मित्रमैत्रिणींबरोबर एकदाच रात्री बाहेर राहिले, तीही सर्व्हे कॅम्पला. त्यात दोन मॅडम, आणि आमच्या खोलीला बाहेरून कडी.

आता वय ४७. मागच्या वर्षी त्याच होस्टेलच्या आम्ही सहा जणी गणपतीपुळ्याला गेलो. रात्री अकराला किनाऱ्यावर बसलो होतो तर एक जण घड्याळ बघून दचकली. खरंच दचकली. मग सगळ्या हसत सुटलो.

---

सडेतोड

लेख रंजक आहे. पण रजिस्टरमध्ये खोटं लिहायचं, वडिलांना अर्धवट सांगायचं आणि वर ते कौतुकाने इथे मांडायचं? मलाही कॉलेजात जाणारी मुलगी आहे. त्या वाडीत वेगळी माणसं भेटली असती तर?

---

अर्धे_तिकीट

@सडेतोड, राग नाही. रजिस्टरचं मान्य, ते चुकलंच. बाबांचं थोडं वेगळं आहे. वाडीत रेंज नव्हती, आजींच्या लँडलाइनवरून मी घरी फोन केला तो बाबांनीच उचलला. मी सगळं सांगितलं. ते एक मिनिट गप्प. मग म्हणाले, “आजींना फोन दे.” दोघं पंधरा मिनिटं बोलले. आंब्याच्या मोहराबद्दल. फोन ठेवल्यावर आजी मला म्हणाल्या, “तुझ्या बापाशी पहिल्यांदाच एवढं बोलले, पण त्याला आधी सांगितलं असतंस तर तो तुला स्टँडवर सोडायला आला असता.” तेव्हापासून ते डोक्यात आहे. पुढच्या वेळी सांगणार आहे. आईमार्फत नाही.

@रूम_नंबर_चौदा, ताई, आमची हजेरी आठला आहे. तीस वर्षांत अर्धा तास पुढे सरकलोय.

---

चिपळूणकर_पेठेतला

‘दुसरी गाडी धरून गुहागर’ एवढ्यात चिपळूण संपवलंत! त्या स्टँडवर जरा थांबायचं होतं. २२ जुलै २०२१ च्या पुरात डेपो बुडाला तेव्हा तिथले अधिकारी आणि कर्मचारी डेपोची नऊ लाखांच्या आसपास रोकड घेऊन एसटीच्या टपावर तासन्‌तास बसून होते. खाली पाण्याचा समुद्र. त्या वाशिष्ठीचंच पाणी, ज्याच्या ‘वाटेने’ तुम्ही आलात. तुमच्या लोकलला सांगा, पाच मार्कांच्या टिपेत हेही घाल.

---

अर्धे_तिकीट

लोकलला वाचून दाखवलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, “परत जाऊ तेव्हा चिपळूणला उतरू.”

तर पुढे.

तिसरा दिवस. सकाळी सहाला अंधारच होता, गाडीत आतला दिवा लागलेला. @पेटी_आणि_पंच, होते. डबे होते! एकेक माणूस यायचा, स्वतः चढायचाच नाही, फक्त डबा द्यायचा. कापडात गाठ मारलेला, वर नाव. काका ते ड्रायव्हरच्या मागच्या जागेत रचत होते. मी मोजले, अकरा. वाडीतली मुलं तालुक्याला खोल्या घेऊन शिकतात, कुणी बारावी, कुणी आयटीआय, कुणी नर्सिंग. सुट्टी असूनही ज्यांची प्रॅक्टिकल चालू होती त्यांचे हे डबे. एक आजोबा डबा देऊन खिडकीपाशी घुटमळत राहिले. काकांनी आतूनच सांगितलं, “काल रिकामा डबा परत आला हो. पुसून खाल्लंय तिनं.” आजोबा लगेच वळून चालू लागले. एवढंच ऐकायला थांबले होते.

जत खिडकीबाहेर बघत होता. त्याच्या मोठ्या भावाला सांगलीला शिकताना असाच डबा जायचा, हे तेव्हा कळलं. तीन वर्षं एका वर्गात आहोत. १९ गुलाबजाम माहीत होते, हे नव्हतं.

काकांनी स्वतः आम्हाला फाट्यावर उतरवून तवसाळच्या गाडीत बसवलं. त्या कंडक्टरला ओरडून सांगितलं, “जेट्टीलाच उतरव, यांना विचारायची सवय नाय.”

फेरीबोट मस्त. जयगडला उतरलो, गणपतीपुळे, मालगुंडला केशवसुतांच्या स्मारकाशी दहा मिनिटं (बार्शीला तुतारी पाठ आहे, त्याने म्हटली, आम्ही ऐकली नाही असं दाखवलं), मग आरे-वारेच्या रस्त्याने रत्नागिरी. हा रस्ता समुद्राला इतका खेटून जातो की गाडीतले सगळे एका बाजूला झुकतात. पावसाळ्यात पुन्हा जायचंय.

आणि रत्नागिरी स्टँडवर चहा पिताना जतने तो प्रश्न विचारला. “आपले किती किलोमीटर झाले?”

मोबाइलवर बेरीज केली. तीन दिवसांत जेमतेम अडीचशे. पास धरून तिकिटाचा हिशेब लावला तर निम्मेही पैसे फिटले नव्हते. तिघांचे चेहरे असे पडले की जणू फीस्टला फक्त पापड मिळालाय. बार्शीने नकाशा काढला. योजना अशी: दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं, राजापूर, कणकवली, कुडाळ करत सावंतवाडी, तिथून आंबोली घाटाने वर, आजरा, गडहिंग्लज, कोल्हापूर, आणि रात्री कराड. एका दिवसात चारशेच्या आसपास.

“तिकडे बघायचं काय?” इचलने विचारलं.

“बघायचं नाही. वसूल करायचं.”

इचलने शांतपणे चहा संपवला. “तुमचा पास तुम्ही वसूल करा. आम्ही थिबा पॅलेस बघतो.”

तिची मावशी रत्नागिरीत असते. ग्रुप फुटला. सगळ्या ट्रिपमध्ये आम्हा दोघींचा सगळ्यात चांगला निर्णय हाच. १८८५ मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेश घेतला आणि तिथल्या राजाला कुटुंबासकट इकडे आणून ठेवलं. हा राजवाडा १९१० मध्ये बांधून झाला, १९१६ मध्ये राजा इथेच वारला. वरच्या मजल्यावरून खाली खाडी दिसते. आम्ही दोघी तिथे बराच वेळ उभ्या होतो. सुट्टीत घरी जाता येत नाही म्हणजे काय, एवढाच विचार माझ्या डोक्यात. त्याची नात टूटू मात्र रत्नागिरीतच राहिली आणि मराठी बोलायची, हे मावशीने सांगितलं. दुपारच्या गाडीने आंबा घाटातून कोल्हापूर.

त्याच वेळी मुलं ग्रुपवर फोटो टाकत होती. राजापूर स्टँड. कणकवली स्टँड. कुडाळ स्टँड. सावंतवाडीत वीस मिनिटं मिळाली, त्यात मोती तलाव लांबून दिसला आणि लाकडी खेळण्यांचं एक दुकान दिसलं, बंद. आंबोलीत धुकं होतं म्हणून काहीच दिसलं नाही. जतने खाली लिहिलं: ‘३०० पार’.

रात्री दहाला कोल्हापूरच्या स्टँडवर तिघं भेटले तेव्हा त्यांचे केस लाल धुळीने ताठ उभे होते आणि बार्शीला बसता येत नव्हतं. साडेदहाची गाडी मिळाली. इचल आणि मी अर्धी तिकिटं काढून खिडकीला डोकं टेकलं. पासवाले विजयी मुद्रेने मागे.

पेठ नाक्याच्या आसपास मला जाग आली ती कंडक्टरच्या आवाजाने. ते जतच्या सीटपाशी उभे होते, घड्याळ दाखवत.

“बारा वाजून दोन मिनिटं. पासाचा दिवस बाराला संपतो, बाळांनो. कराड तीन?”

जतने पास उजेडात धरला. उलटा केला. सुलटा केला. गुहागरच्या भाकरीकडे बघितलं होतं तसंच बघितलं. मग तिघांनी पूर्ण तिकिटं काढली. इचल झोपेतच हसत होती, मी शपथेवर सांगते.

स्टँडवरून लोकलच्या घरी गेलो, कारण आमचं गेट एवढ्या रात्री उघडणं शक्यच नव्हतं. त्याच्या आईने एक वाजता पाच जणांना पिठलं-भात घातला आणि एकच प्रश्न विचारला, “समुद्र बघितला ना नीट?” तिघांनी एकमेकांकडे बघितलं.

---

हिशेबनीस

व्वा. पण भावना बाजूला ठेवून आकडेमोड करू. एसटीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्याने लागतं. आत्ताच्या दरांनी साध्या गाडीचा चार दिवसांचा पास फिटायला दिवसाला सरासरी दोनशे किलोमीटर तरी कापावे लागतात. तुमच्या मुलांचे एकूण साडेसहाशेच्या आसपास झाले असावेत. म्हणजे शेवटचा दिवस बसमध्ये घालवूनही ते तोट्यातच. पास फायद्याचा कुणाला? नागपूरहून कोकणात येणाऱ्याला, किंवा साडेतीन शक्तिपीठं करणाऱ्याला. तीस-चाळीस किलोमीटरचे टप्पे करत किनारा बघणाऱ्याने साधं तिकीट काढावं. मुलींचा तर प्रश्नच नाही, तुमचं गणित पहिल्या दिवसापासून बरोबर होतं.

---

मेस_सेक्रेटरी_९३

हिशेबनीस साहेब, तुम्ही होस्टेलला राहिला नसाल. वसूल होणं आणि फायदा होणं यात फरक आहे. आमच्या वेळी मेसमध्ये पैजा लागायच्या. एका गड्याने जिलब्या खाऊन पैज जिंकली, दहा रुपये मिळाले, आणि डॉक्टरला पंधरा दिले. त्याला आजही विचारा, तो म्हणतो मी जिंकलो होतो. हा गडी आता एका मोठ्या धरणावरून निवृत्त झालाय, आणि भेटलो की अजून ताटात काही टाकत नाही.

धागा वाचून संध्याकाळ चांगली गेली. पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा).

---

पेटी_आणि_पंच

डब्यांचं लिहिलंत, बरं वाटलं. वडिलांच्या गाडीत मिरजेला शिकणाऱ्या एका मुलाचा डबा दोन वर्षं जायचा. तो मुलगा पुढे शिक्षक झाला. वडील गेले तेव्हा दहाव्याला आला होता. कोण हे आम्हाला कुणालाच ओळखू येईना. हातात पितळी डबा होता, झाकणावर रंगाने नाव. म्हणाला, “हा परत करायचा राहिला होता.”

---

निवळी_फाटा

(वरचा प्रतिसाद वाचून पाच मिनिटं काही टाइप करता आलं नाही.)

धागाकर्ती, पुढच्या वेळी रत्नागिरीत आलात की सांगा. आणि त्या आजींना काही कळवलंत का?

---

अर्धे_तिकीट

@पेटी_आणि_पंच, तुमचा प्रतिसाद मी जतला पाठवला. उत्तर आलं नाही, फक्त दोन निळ्या खुणा. त्याच्याकडून एवढं म्हणजे खूप.

@निवळी_फाटा, फोटो प्रिंट करून घेतलेत. पाच जण आणि आजी तुळईखाली, सगळ्यांच्या माना वर, त्यामुळे कुणाचाच चेहरा नीट नाही. लोकलचं म्हणणं, पोस्टाने नको, त्याच गाडीने जाऊ दे. त्याच्या ओळखीचे एक जण चिपळूणला जातात, ते गुहागरच्या गाडीत देतील, तिथून वस्तीच्या गाडीत. पाकिटावर पत्ता म्हणून ‘पिंपळासमोरचं घर, मशीन चार्जिंगला लावतात त्या देवळाजवळ’ असं लिहिलंय. कंडक्टरकाकांसाठी एक प्रिंट वेगळी.

@हिशेबनीस, तुमचा प्रतिसाद मुलांना दाखवायची हिंमत झालेली नाही. ट्रिपची खजिनदार मी होते. सगळ्यांचे हिशेब चुकते झाले, फक्त जतकडून ८० रुपये यायचे आहेत. काल मागितले तर म्हणाला, पासात धर.